पोरांना फोटो दाखवून घाबरवू नका, त्यांच्याशी बसून बोला

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका काकांनी लिहिलं होतं की शाळाशाळांत पोलिसांना बोलवा, जप्त केलेले कोयते-तलवारी पोरांसमोर मांडा, वार झालेल्या माणसांचे फोटो पडद्यावर दाखवा, म्हणजे पोरं घाबरतील आणि या नादाला लागणार नाहीत. काकांची कळकळ खरी आहे. पण साहेब, हे आम्ही करून बघितलंय आणि त्याचं पुढं काय झालं ते कुणीतरी सांगायला पाहिजे, म्हणून घटक चाचणीचे पेपर बाजूला ठेवून हे लिहायला बसले.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत आठवी ते दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते, १७ वर्षं झाली. आमच्याकडची पोरं म्हणजे कुणाचे वडील पॉवरलूमवर, कुणाची आई विड्या वळती, कुणाच्या घरात युनिफॉर्म शिवायचं काम. घरी तेलुगू, शेजारी कन्नड नाहीतर उर्दू, शाळेत मराठी, सगळं एकाच बाकावर. गणपतीत लेझीमचा सराव सुरू झाला की हीच पोरं रात्री अकरापर्यंत घाम गाळतात आणि सकाळी पहिल्या तासाला पेंगतात.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेल्या एका मुलावर गल्लीतल्या भांडणात वार झाले. वाचला तो, पण शाळेत सगळीकडं तीच चर्चा. मग ठरलं कार्यक्रम घ्यायचा. पाहुणे बोलवले, प्रोजेक्टर मी स्वतः लावला. पडद्यावर एकामागं एक कोयते, तलवारी, गुप्ती, चॉपर, नंतर जखमांचे फोटो, टाके, रक्त. हॉलमधी चिडीचूप. आम्ही शिक्षक एकमेकांकडं बघून मान हलवत होतो, की बघा, पोचलं पोरांपर्यंत.

मधल्या सुट्टीत मी जिन्यावर उभी होते. आठवीची पोरं बोलत होती की त्यातलं तिसरं वालं कसलं भारी होतं, कुठं मिळत असंल बे. नववीतली एक मुलगी बाथरूमजवळ उलटी करत होती, तिच्या मामाचं असंच झालेलं होतं आणि आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं, कारण कार्यक्रमाआधी आम्ही कुणाला काही विचारलंच नव्हतं. आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाच्या डब्याच्या पिशवीत नॅपकिनमधी गुंडाळलेली सुरी सापडली. भाजी चिरायची सुरी. हा मुलगा कधी कुणाशी भांडला नव्हता, गृहपाठ वेळेवर, अक्षर सुंदर.

त्याला वर्गातून बाहेर बोलवून, बाकीच्यांना कळू न देता, रिकाम्या प्रयोगशाळेत बसवून मी विचारलं का आणलीस. अर्धा तास तो नुसता टेबलाचा कोपरा खरडत बसला. मग म्हणाला, क्लासवरून येताना ती पोरं अडवतात मॅडम, आणि त्या दिवशी फोटोत बघितलं ना किती जणांकडं असतं ते, माझ्याकडंच काय नाही.

आम्ही दाखवलेल्या फोटोंतून त्यानं हे उचललं होतं, की सगळ्यांकडं असतं. आईला बोलवलं. ती सुरीकडं बघून पटकन म्हणाली, अगंबाई, चार दिवस झाले हीच शोधत होते. आणि मग तिला कळालं की ही सुरी इथं टेबलावर का आहे, तेव्हा तिचा चेहरा जो झाला तो माझ्या डोळ्यासमोरून अजून जात नाही.

त्यानंतर मी वाचायला लागले, विचारायला लागले. घाबरवून सुधारायचा प्रयोग आपल्याआधी अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर झालाय, १९७० च्या दशकात न्यू जर्सीतल्या राहवे जेलमधी पोरांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून दम द्यायचे, त्याचं कौतुकही खूप झालं, पण नंतर अभ्यासकांनी तशी नेलेली पोरं आणि न नेलेली पोरं ताडून बघितली तर नेलेल्या पोरांनीच जास्त गुन्हे केलेले दिसले. उलट स्कॉटलंडमधी ग्लासगो शहरात चाकूचे वार रोजचे झाले होते, तिथल्या पोलिसांनीच २००५ मधी ठरवलं की नुसत्या अटकेनं हे थांबत नाही, साथीच्या रोगासारखं बघायचं, लागण कुठून होती आणि कुणाला आधी वाचवायचं. शाळा, दवाखाने, घरं, नोकऱ्या सगळं एकत्र धरलं आणि पुढच्या दहाएक वर्षांत देशातले खून निम्म्यावर आले. तिथल्या शाळांसाठीच्या कार्यक्रमांत चाकूचे फोटो मुद्दाम टाळतात. का टाळतात हे मला त्या जिन्यावर आधीच कळालं होतं.

आता मी वर्गात काय करते ते सांगते, चुकत असेल तर जाणकारांनी सांगावं.

पहिला नियम, कुणाचं नाव घ्यायचं नाही, माझ्या गल्लीत, माझ्या भावानं, असं काही नाही. आम्ही एक मुलगा तयार करतो. नाव पोरंच ठेवतात पण वर्गात कुणाचं नसलेलं. तो नववीत आहे, क्लासवरून येतो, त्याच्या वाटेवर एक टपरी आहे, टपरीवर मोठी पोरं बसतात. आता सांगा पुढं काय होईल. साहेब, पोरं जे सांगतात ना ते ऐकून मला घाम फुटतो, कारण सगळं त्यांना माहीत असतं, कुणी विचारलेलं नसतं एवढंच. स्वतःचं म्हणून जे कधीच सांगणार नाहीत ते त्या मुलाच्या नावावर भडाभडा सांगतात.

आणि सुरुवात कुठंही हत्यारापासून होत नाही. सुरुवात वडापावपासून होती. मोबाइलच्या रिचार्जपासून, बुलेटवर एक राउंड मारून आणण्यापासून. आणि सगळ्यात मोठं म्हणजे फ्लेक्स. भाऊंच्या वाढदिवसाचा चौकात फ्लेक्स लागतो, वर भाऊंचा गॉगलमधला फोटो आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगा, त्यात शेवटच्या रांगेत आमच्या नववीच्या पोराचा पासपोर्ट साइज चेहरा. तुम्हाआम्हाला ते हसण्यासारखं वाटंल. पण ज्या पोराचा शाळेत कधी नंबर आला नाही, स्नेहसंमेलनात कधी स्टेजवर गेला नाही, घरात ज्याला दिवसभरात कुणी नावानं हाक मारून विचारत नाही जेवलास का, कारण आईवडील दोघं कामावर, त्याचं नाव आणि फोटो आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी चौकात लावलेला असतो. तो तिथं उभा राहून सेल्फी काढतो, चार मित्रांना दाखवतो. मग एक दिवस निरोप येतो, हे पार्सल तेवढं नेऊन दे. हा फोन तुझ्याकडं ठेव. आणि एक दिवस, ही पिशवी आज रात्री तुझ्या घरी राहू दे, तू लहान आहेस, तुझी बॅग कोण बघतंय, आणि सापडलास तरी लहान आहेस म्हणून सोडतात.

हे शेवटचं वाक्य पोरांना पाठ आहे. इथं मी थांबते आणि कायद्याचं सांगते, अगदी थोडं. बाल न्याय कायदा २०१५ चा. १८ च्या आतल्या मुलाला लॉकअपमधी टाकता येत नाही, २४ तासांत बाल न्याय मंडळापुढं न्यावं लागतं, तिथं एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, हे खरं. पण १६ पूर्ण झालेला असला आणि खुनासारखा गुन्हा असला तर मंडळ प्राथमिक चौकशी करून ते प्रकरण बालकांच्या कोर्टाकडं पाठवू शकतं आणि तिथं मोठ्या माणसासारखा खटला चालू शकतो. हे ऐकून वर्ग शांत होतो. मग मी दुसरी बाजू सांगते, की जो मोठा माणूस मुलाला असल्या कामाला लावतो त्याला याच कायद्याच्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ९५ आहे, मुलाकडून गुन्हा करून घेणाऱ्याला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त दहा वर्षं. हे ऐकल्यावर वर्गाचा रंगच बदलतो. स्वतःला शिक्षा होईल या भीतीपेक्षा, भाऊनं आपल्याला वापरलं म्हणून कायद्यानं भाऊला वेगळी शिक्षा ठेवली आहे, ही गोष्ट त्यांना जास्त लागती. एक मुलगा म्हणाला होता, म्हणजे मॅडम त्यांना पण माहीत असतंय की हे चूक आहे म्हणून आमच्याकडं ठेवतात. बरोबर बाळा.

कायदा सांगतानाही मी एक चूक केली आहे, ती पण सांगते. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात, घरकामाची आणि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पहिल्या वर्षी मी हे मोठ्या हौशीनं फळ्यावर लिहिलं. लगेच मागच्या बाकावरून प्रश्न, मॅडम मग साडेआठ इंच चालतं का? तेव्हापासून माप सांगणं बंद. आता एवढंच सांगते की शहरात पोलीस आयुक्तांचा मनाई आदेश निघतो तेव्हा काठी घेऊन फिरणं पण गुन्हा होऊ शकतो, आणि शाळेच्या पिशवीत सुरी कशाला होती याचं उत्तर कोणत्याही इंचात बसत नाही.

कोयत्याचं मात्र जपून बोलावं लागतं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा. माझ्या वर्गात ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली दोन पोरं आहेत, आजीकडं राहतात. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात, त्यावर उचल, म्हणजे कामाआधी मिळणारे आगाऊ पैसे, ठरती. एकदा कुणीतरी पेपरातली कोयता गँगची बातमी मोठ्यानं वाचली तेव्हा त्यातला एक मुलगा खाली मान घालून बसला. त्याच्या घरी कोयता म्हणजे आईबाप. मी त्या दिवशी सगळा तास त्या अवजारावर घेतला, धार कशी लावतात, हात कसे सोलतात, थंडीत पहाटे फडात कसं उतरतात, त्या मुलानंच सगळं सांगितलं आणि बाकीची पोरं ऐकत राहिली.

तलवारीचं दरवर्षी येतंच. महाराजांच्या हातात तलवार मग आम्ही वाढदिवसाला तलवारीनं केक कापला तर पोलीस का धरतात? प्रश्न खरा आहे, हसून उडवायचा नाही. मी इतिहासाचीच बाई, मी सांगते की २०२४ मधी सरकारनं दांडपट्टा राज्यशस्त्र म्हणून जाहीर केला, अभिमानाची गोष्ट आहे, पण दांडपट्टा शिकायचा तर वस्तादाकडं जावं लागतं, वर्षानुवर्षं नुसतं पाऊल टाकायला शिकावं लागतं आणि खेळ संपला की हत्यार परत जागेवर जातं. रात्री बाराला चौकात गाडीच्या बॉनेटवर केक कापणाऱ्याकडं यातलं काय आहे, तुम्हीच सांगा. सांगतात पोरं.

एक तास जखमेवर असतो, फोटोशिवाय. ओळखीच्या एक नर्स ताई येतात. पोरांत पक्का समज आहे की पायावर मारलं तर काही होत नाही, नुसती धमकी. ताई सांगतात की मांडीत मोठी रक्तवाहिनी असते, ती तुटली तर काही मिनिटांत माणूस जाऊ शकतो, अंगावर वार करायला सुरक्षित अशी जागाच नाही. मग शिकवतात की समोर कुणी पडलं तर काय करायचं, आधी आपण सुरक्षित आहोत का बघायचं, १०८ ला फोन, जखमेवर कापड धरून पूर्ण ताकदीनं दाबायचं आणि मदत येईपर्यंत हात काढायचा नाही, आत काही रुतलेलं असलं तर ओढायचं नाही, त्याच्या बाजूनं दाबायचं. आपल्या सोलापुरी टॉवेलवर सराव करतात पोरं. इंग्लंडमधी लिव्हरपूलच्या मेडिकलच्या विद्यार्थ्यांनी २००८ मधी असंच पोरांना शिकवायला सुरुवात केली होती. या तासाला सगळ्यात दांडगट पोरं सगळ्यात पुढं बसतात, हे मी दरवर्षी बघते. कुणीतरी त्यांना वाचवायचं काम दिलेलं असतं.

मुलींबद्दल कुणी बोलतच नाही. भांडण होणार आहे हे मुलींना बऱ्याचदा आधी कळालेलं असतं, कुणाच्या तरी स्टेटसवरून, कुणाच्या तरी भावावरून. आणि वस्तू लपवायला पण त्यांनाच देतात, मुलीची बॅग कोण तपासतंय म्हणून. त्यांना सांगायचं असतं पण चुगलीखोर म्हणतील ही भीती. म्हणून वर्गात एक चिठ्ठीचा डबा आहे, सगळ्यांनी रोज काहीतरी लिहून टाकायचंच, नसलं काही तर कोरी चिठ्ठी, म्हणजे कुणी टाकली हे कळत नाही. तो डबा मी रोज शाळा सुटायच्या आत उघडते. शनिवारी टाकलेली चिठ्ठी सोमवारी वाचून उपयोग नसतो. आणि पोरांना आधीच सांगून ठेवलंय की कुणाच्या जिवाला धोका आहे असं दिसलं तर मी ते पोटात ठेवणार नाही, मुख्याध्यापकांना सांगणार, लागलं तर १०९८ ला, म्हणजे मुलांच्या मदतीच्या नंबरला, फोन करणार. आधी गुपित ठेवते म्हणायचं आणि मग सांगायचं, असं केलं तर पुन्हा एक चिठ्ठी पडणार नाही.

आता माझ्या सहकाऱ्यांना राग येईल असं लिहिते. सुरी सापडली की दाखला हातात द्यायचा, ही आपली जुनी सवय. आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायद्यानं काढता येत नाही, म्हणून नववीत यायची वाट बघतात आणि मग देतात. तो मुलगा दाखला घेऊन जातो कुठं? टपरीवर. तिथं त्याला कुणी दाखला मागत नाही. आमच्या त्या मुलाच्या वेळी पण हीच चर्चा झाली, मी आणि अजून दोघं अडून बसलो, शेवटी ठरलं की त्याचे काका महिनाभर क्लासवरून त्याला आणतील आणि अडवणाऱ्या पोरांच्या घरी शाळेनं स्वतः जाऊन बोलायचं. गेलो आम्ही. त्यातल्या एकाचं घर म्हणजे दहा बाय दहाची खोली आणि आजारी बाप, आणि तो पण घाबरलेलाच होता, तिसऱ्या कुणालातरी.

पोलिसांविरुद्ध माझं काही नाही, उलट त्यांची गरज आहे. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, म्हणून दर जानेवारीत रेझिंग डेचा आठवडा असतो आणि शाळांच्या सहली पोलीस ठाण्यात जातात, बऱ्याच ठिकाणी टेबलावर बंदुका मांडलेल्या असतात, पोरं हातात घेऊन फोटो काढतात. त्याऐवजी प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असतो, त्यांची ओळख करून द्या ना. तो अधिकारी साध्या कपड्यात असतो, मुलाशी कसं बोलतो, आई आली नाही तर काय होतं, हे सांगा. पोराला अडचणीत कुणाचं तरी तोंड आठवलं पाहिजे, बंदूक आठवून काय करणार तो.

आणि साहेब, शेवटी तुम्हाला विनंती आहे. तुमचा पेपर आमच्या वर्गात रोज येतो, शुद्धलेखनाला मी त्यातलेच उतारे देते. दहा-बारा कोयते ओळीनं मांडलेले आणि मागं पथक उभं, असा फोटो पहिल्या पानावर आला की मला तो कात्रीनं कापून मग पेपर वर्गात द्यावा लागतो. टोळीचं नाव ठळक छापू नका, पोरं त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवतात, टोळीवाल्यांना तेच पाहिजे असतं. आरोपी १८ च्या आतला असला तर नाव, शाळा, गल्ली काहीच छापायचं नाही हे कलम ७४ तुम्हाला माहीत आहेच, पण नाव न छापता अमुक चौकातल्या अमुक शाळेजवळ राहणारा दहावीतला मुलगा असं लिहिलं की आख्ख्या पेठेला कळतं. त्या बातमीखाली दोन ओळींची चौकट द्या, १०९८ नंबर आणि कुणाशी बोलायचं ते. एवढी जागा निघेल असं वाटतं.

माझं आणि शाळेचं नाव छापू नये. त्यावरून तो मुलगा ओळखू येईल. आता तो आयटीआयला आहे, सुरी आईनं घरी नेली.

आपली नम्र,
एक शिक्षिका, पूर्व भाग, सोलापूर